कॅडिलॅकचं नाव: कारखान्यात कमावलं, कारखान्यातच घालवलं

अमेरिकेत एखादी वस्तू तिच्या जातीतली सगळ्यात भारी आहे असं सांगायचं असेल, तर तिला त्या जातीतली ‘कॅडिलॅक’ म्हणतात. गवत कापायच्या यंत्रांतली कॅडिलॅक, बाबागाड्यांतली कॅडिलॅक. २०१० च्या आरोग्य विमा कायद्यात महागड्या विमा योजनांवर जो कर लावायचं ठरलं, त्यालाही लोकांनी ‘कॅडिलॅक टॅक्स’ असंच नाव पाडलं. (तो कर प्रत्यक्षात कधी लागूच झाला नाही, २०१९ मध्ये रद्द झाला.) आणि त्याच अमेरिकेत १९९० च्या दशकातली कॅडिलॅक घेऊन जुन्याजाणत्या मेकॅनिककडे गेलात, तर बॉनेट उघडायच्या आधीच त्याचा पहिला प्रश्न असतो, कूलंट पिते का?

दोन्ही मतं खरी आहेत, आणि दोन्हींची मुळं एकाच जागी सापडतात. त्यासाठी जाहिराती, गायक-नट आणि गुलाबी रंग घटकाभर बाजूला ठेवून सरळ इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत जावं लागतं.

फोर्डने सोडलेला कारखाना

१९०२ साली डेट्रॉइटमध्ये हेन्री फोर्डचं त्याच्या भांडवलदारांशी फाटलं आणि तो स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडला. (आज आपल्याला माहीत असलेली फोर्ड मोटर कंपनी त्याने १९०३ मध्ये काढली, ती वेगळी.) मागे राहिलेला कारखाना विकून मोकळं व्हायचं म्हणून विल्यम मर्फी आणि लेम्युएल बोवेन या गुंतवणूकदारांनी यंत्रसामग्रीची किंमत काढायला हेन्री लेलँडला बोलावलं. लेलँडने किंमत तर काढून दिलीच, वर सांगितलं की हे विकू नका, गाड्या बनवा, इंजिन माझ्याकडे तयार आहे.

ते इंजिन मुळात दुसऱ्यासाठी केलेलं होतं. लेलँडची कंपनी ऑल्ड्समोबिलला इंजिनं पुरवायची. त्याच इंजिनात सुधारणा करून त्याने सुमारे १० हॉर्सपॉवर काढली, पण ऑल्ड्सला ते नको होतं. नाकारलेलं हेच एका सिलिंडरचं इंजिन पहिल्या कॅडिलॅकमध्ये बसलं. गाडीची किंमत ७५० डॉलर.

कंपनीला नाव दिलं ते १७०१ मध्ये डेट्रॉइट वसवणाऱ्या आंत्वान द ला मोत कॅडिलॅक या फ्रेंच अधिकाऱ्याचं. गंमत अशी, की या गृहस्थाचं मूळ नाव आंत्वान लोमे. ‘कॅडिलॅक’ हे सरदारी बिरुद आणि ढालीवरचं खानदानी चिन्ह त्याने अमेरिकेत आल्यावर स्वतःच लावून घेतलेलं. गाडीच्या नाकावरचा बिल्ला त्या उसन्या चिन्हावरूनच आला. (आपल्याकडे लेलँड म्हटलं की अशोक लेलँड आठवतं. त्याचा या हेन्री लेलँडशी काही संबंध नाही. ते नाव इंग्लंडमधल्या एका गावाचं.)

लेलँडचा जन्म १८४३ चा. मोटारी येण्याआधी तो स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात आणि ब्राउन अँड शार्प या अचूक मापन यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत काम करून आलेला होता. बंदुकीच्या धंद्यात एक गोष्ट तोवर पक्की झाली होती: रणांगणात एका बंदुकीचा घोडा तुटला तर दुसऱ्या बंदुकीचा काढून बसला पाहिजे. मोटारींच्या धंद्यात हे अजून कुणाच्या गावी नव्हतं.

‘बसतो’ म्हणजे नेमकं काय

त्या काळात मोटार कशी जुळवायचे ते डोळ्यासमोर आणा. पिस्टनची पिन आणि तिचं भोक दोन वेगळ्या कामगारांनी केलेलं. पिन आत जात नाही, म्हणून फिटर कानस घेऊन ती घासतो. थोडी घासतो, लावून बघतो, परत घासतो, शेवटी बसते. गाडी चालते, मालक खूश. दोन वर्षांनी पिन झिजते, मालक कंपनीकडून नवी मागवतो, आणि ती बसत नाही. कारण त्या गाडीची पिन नकाशातल्या मापाची राहिलेलीच नव्हती, फिटरच्या हाताच्या मापाची झाली होती. आता परत कानस.

लेलँडचा उपाय ऐकायला साधा वाटतो. प्रत्येक मापाला दोन टोकं द्यायची, याच्याहून मोठं नको आणि याच्याहून लहान नको. तपासायला प्रत्येक कामगाराच्या हातात ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज द्यायचं. पिन पहिल्यात गेली पाहिजे, दुसऱ्यात जाता कामा नये. या दोन टोकांच्या बाहेर असेल तो भाग भंगारात, मग तो कितीही चकचकीत असो. कानस वापरून वेळ मारून न्यायची वाटच बंद. याला पैसे लागतात. भंगार जास्त निघतं, यंत्रं चांगली लागतात, गेजं स्वतःच झिजत असल्याने तीही पुन्हापुन्हा तपासावी लागतात. पुण्या-पिंपरीच्या मशीन शॉपमध्ये आज हे सगळं पहिल्या आठवड्यात शिकवतात. १९०५ च्या सुमाराला मोटारीसाठी हा अतिरेक वाटायचा.

तो अतिरेक जगासमोर सिद्ध झाला १९०८ मध्ये, लंडनजवळच्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर. ब्रिटनमधला कॅडिलॅकचा विक्रेता फ्रेडरिक बेनेट याने ही परीक्षा ओढवून घेतली. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या लोकांनी विक्रीच्या साठ्यातून एका सिलिंडरच्या तीन ‘मॉडेल के’ गाड्या निवडल्या. त्या ट्रॅकवर चालवून पाहिल्या आणि मग पूर्ण खोलल्या. प्रत्येक गाडीचे ७२१ भाग. तिन्ही गाड्यांचे भाग एकाच ढिगात मिसळले. त्यातले ८९ भाग परीक्षकांनी उचलून बाजूला ठेवले आणि त्याऐवजी विक्रेत्याच्या सुट्या भागांच्या साठ्यातले घातले. मग मेकॅनिकना सांगितलं, जुळवा. हातात पाने, स्क्रूड्रायव्हर असली साधी हत्यारं. कानशीला बंदी.

तीन गाड्या उभ्या राहिल्या. रंगांची खिचडी झाली होती, एकीचं मडगार्ड दुसरीला, दुसरीचं तिसरीला. पण इंजिनं चालू झाली आणि तिन्ही गाड्यांनी प्रत्येकी ५०० मैल धाव पूर्ण केली. त्यातली एक गाडी कुलूप लावून ठेवली होती. त्याच वर्षीच्या २,००० मैलांच्या विश्वासार्हता चाचणीत ती उतरली आणि आपल्या गटात पहिली आली. या कामगिरीबद्दल क्लबने कॅडिलॅकला ड्यूअर करंडक दिला, आणि कंपनीने ‘स्टँडर्ड ऑफ द वर्ल्ड’, म्हणजे ‘जगाचं प्रमाण’, हे घोषवाक्य उचललं. ‘स्टँडर्ड’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. ज्याच्याशी ताडून दुसरी मापं घ्यायची, ते माप. १९०९ मध्ये जनरल मोटर्सने कॅडिलॅक विकत घेतली ती या नावासाठी.

हँडलपासून सुटका

दुसरा ड्यूअर करंडक कॅडिलॅकला मिळाला तो इलेक्ट्रिक स्टार्टरमुळे. १९१२ च्या मॉडेलमध्ये तो येईपर्यंत गाडी चालू करायची म्हणजे पुढे जाऊन हँडल मारायचं. ठिणगी चुकून लवकर पडली, तर पिस्टन वर जायच्या आतच स्फोट होतो, इंजिन उलटं फिरतं आणि हँडलचा दांडा मनगटावर बसतो. हात मोडणं ही रोजची गोष्ट होती. म्हणूनच अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, असा नियम असे.

विजेची मोटर लावून इंजिन फिरवायची कल्पना नवी नव्हती. अडचण होती आकाराची. थंड इंजिन फिरवायला लागणारी ताकद सतत देऊ शकणारी मोटर बॉनेटखाली मावणार नव्हती. ओहायोतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंगने ही गाठ सोडवली, आणि सोडवली ती दुकानातल्या गल्ल्याच्या अनुभवावरून. त्याने आधी विजेवर चालणारं कॅश रजिस्टर केलं होतं. तिथे त्याला कळलं होतं, की गल्ला उघडायला मोटर सेकंदभरच चालते. सेकंदभरासाठी लहान मोटरवर तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकला तरी ती जळत नाही, कारण तापायला वेळच मिळत नाही. इंजिन चालू करणं हेही काही सेकंदांचंच काम. त्याच्या डेल्को कंपनीची ही यंत्रणा इंजिन चालू करायची, मग जनरेटर बनून बॅटरी भरायची, आणि दिव्यांना व ठिणगीला वीज पुरवायची. आजही स्टार्टर दहा-पंधरा सेकंदांहून जास्त एका दमात मारू नका असं सांगतात, त्यामागचं कारण हेच. ती मोटर क्षणभराच्या अतिभारासाठीच बनवलेली असते.

आठ सिलिंडर, सोळा सिलिंडर आणि मंदी

१९१५ च्या मॉडेलसाठी कॅडिलॅकने ७० हॉर्सपॉवरचं व्ही-८ इंजिन आणलं. मोठ्या संख्येने बनणारं हे अमेरिकेतलं पहिलं व्ही-८. सुरुवातीला त्याच्या तक्रारी आल्या, प्रतिस्पर्ध्यांनी बोंब मारली. त्यावर थिओडोर मॅकमॅनस या जाहिरात लेखकाने २ जानेवारी १९१५ च्या ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये एक जाहिरात दिली. विषय असा, की जो पुढे असतो त्याला बोलणी खावीच लागतात. त्या मजकुरात ना गाडीचं नाव, ना इंजिनाचं, ना किमतीचं. आजही जाहिरातीच्या शिक्षणात हा नमुना दाखवतात. आमच्या मते त्यातला धोकाही तेव्हाच दिसायला हवा होता. तक्रारीला उत्तर म्हणून तुम्ही आमच्यावर जळता असं सांगणं, मागे लेलँडसारखा माणूस उभा असेल तोवरच शोभतं. आणि लेलँड १९१७ मध्ये कंपनी सोडून गेला. युद्धासाठी विमानांची इंजिनं बनवण्यावरून जनरल मोटर्सशी त्याचं वाजलं. बाहेर पडून त्याने लिंकन कंपनी काढली, म्हणजे अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या ऐषारामी गाड्यांचा बाप एकच.

कारखान्याची सवय मात्र टिकली. १९२९ च्या मॉडेलमध्ये सिंक्रोमेश गिअरबॉक्स आला. ज्यांनी जुना ट्रक चालवलाय त्यांना डबल क्लच माहीत असेल. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, किंचित रेस द्या, परत क्लच दाबून गिअर टाका. नाहीतर दात कर्रकन घासतात. सिंक्रोमेशमध्ये दात अडकायच्या आधी एक शंकूच्या आकाराची कडी दुसऱ्या शंकूवर घासून दोन्हींचा वेग सारखा करते, मग दात गुपचूप बसतात. आज तुमच्या मॅन्युअल गाडीत हेच आहे.

जानेवारी १९३० मध्ये, म्हणजे शेअर बाजार कोसळल्याला तीन महिने होत नाहीत तोच, कॅडिलॅकने सोळा सिलिंडरची गाडी आणली. ७.४ लिटर, इतकं गुळगुळीत चालणारं इंजिन की ते चालू आहे का हे मीटर बघून ठरवावं लागे. अकरा वर्षांत अशा चार हजारांच्या आसपासच गाड्या बनल्या, त्यातल्या बहुतेक पहिल्या दोन वर्षांत. पैसा यात काही सुटला नाही.

कंपनी वाचली ती सेवा विभाग सांभाळणाऱ्या निकोलस ड्रेस्टाटमुळे, असं पीटर ड्रकर यांनी लिहून ठेवलं आहे. कृष्णवर्णीयांना कॅडिलॅक विकायची नाही, हे तेव्हा कंपनीचं धोरण होतं. पण दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांचे मालक पाहिले, तर त्यांत कृष्णवर्णीय डॉक्टर, गायक, मुष्टियोद्धे बरेच. हे लोक एखाद्या गोऱ्या माणसाला पैसे देऊन त्याच्या नावावर गाडी घ्यायचे. चांगल्या वस्तीत घर घ्यायला त्यांना बंदी, चांगल्या हॉटेलात प्रवेश नाही. कमावलेलं दिसावं अशी विकत मिळणारी वस्तू उरली गाडी. दलालाच्या खिशात जाणारा तो पैसा आपणच का घेऊ नये, असा ड्रेस्टाटचा रोखठोक सवाल होता. धोरण बदललं. यात उदात्त काही नव्हतं, हिशेब होता. पण अमेरिकी संगीतात आणि बोलण्यात कॅडिलॅक जी शिरली, तिची एक वाट इथून जाते.

शेपट्या

१९४८ च्या मॉडेलला मागे दोन लहान शेपट्या आल्या. जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल याच्या डिझाइनरांनी लॉकहीडचं पी-३८ लढाऊ विमान पाहिलं होतं, त्याची ही नक्कल. १९५९ पर्यंत त्या वाढत वाढत इतक्या उंच झाल्या की गाडी मागून रॉकेटसारखी दिसायची. लांबी २२५ इंच, म्हणजे ५.७ मीटर. जवळजवळ दीड स्विफ्ट. चित्रांत कायम हीच गाडी असते, त्यामुळे लोकांना वाटतं कॅडिलॅकचं नाव शेपट्यांवर उभं राहिलं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट १९४९ मध्ये बॉनेटखाली झाली. जुन्या इंजिनांत वाल्व सिलिंडरच्या बाजूला असायचे, त्यामुळे पेट्रोल-हवेला वळसा घालून आत यावं लागायचं आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) वाढवता यायचं नाही. नव्या ५.४ लिटरच्या व्ही-८ मध्ये वाल्व वर डोक्यात गेले. ताकद १६० हॉर्सपॉवर, आणि वजन आधीच्या इंजिनापेक्षा सुमारे ८५ किलोने कमी. १९५० मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅमने जवळजवळ शोरूममधल्यासारखीच एक कॅडिलॅक कूप फ्रान्समधल्या ल मानच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरवली. ती दहावी आली.

कुरबुर मात्र तेव्हाही होती. १९५७ च्या एल्डोराडो ब्रोअममध्ये स्प्रिंगांऐवजी हवेचे फुगे होते. किंमत १३,०७४ डॉलर, रोल्स-रॉइसच्या पंगतीतली. फुगे गळायचे, सकाळी उठून पाहावं तर गाडी जमिनीला टेकलेली. अनेक मालकांनी ते काढून साध्या कॉइल स्प्रिंगा बसवल्या. पण तेव्हा असल्या गाड्या वर्षाला चारशेच्या आसपास बनत. चूक थोड्यांच्या वाट्याला यायची. पुढे तसं राहिलं नाही.

घाईची दहा वर्षं

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने कायदा केला, की कंपनीच्या सगळ्या गाड्यांचं सरासरी मायलेज दरवर्षी वाढलं पाहिजे. कॅडिलॅक तेव्हा ८.२ लिटरची इंजिनं बसवत होती. विक्री जोरात, दशकाच्या शेवटी वर्षाला साडेतीन लाखांच्या वर गाड्या. म्हणजे मायलेज तातडीने वाढवायचं आणि तेही लाखांच्या संख्येत. इथून चार गोष्टी ओळीने घडल्या.

पहिली, डिझेल. हे ५.७ लिटरचं इंजिन जनरल मोटर्सच्याच ऑल्ड्समोबिलचं. डिझेलमध्ये ठिणगी नसते, हवा दाबूनच तापवावी लागते. त्यामुळे कॉम्प्रेशन साधारण २२ पट, पेट्रोलमध्ये तेव्हा ८ च्या आसपास. ब्लॉक त्यांनी मजबूत केला. पण यंत्रसामग्री तीच वापरता यावी म्हणून हेडच्या (सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणाच्या) बोल्टांची संख्या आणि जागा पेट्रोल इंजिनाचीच ठेवली, एका हेडला दहा. बोल्ट ताणले जायचे, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पातळ सील) उडायची, पाणी सिलिंडरमध्ये. भरीला डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा सेपरेटरच दिलेला नव्हता, त्यामुळे पंप गंजायचा. गॅस्केट बदलताना काही मेकॅनिक ताणलेले जुने बोल्टच परत बसवायचे आणि सहा महिन्यांत गाडी पुन्हा दारात. १९८० च्या सेव्हिल या कॅडिलॅकमध्ये हे डिझेल चक्क मूळ इंजिन म्हणून आलं.

दुसरी, १९८१ चं व्ही ८-६-४. कल्पना अशी: रस्त्यावर एका लयीत चालताना आठही सिलिंडर कशाला? कॉम्प्युटरने हुकूम दिला की सोलेनॉइड (विजेवरचा चुंबक) रॉकरचा, म्हणजे वाल्व दाबणाऱ्या दांडीचा, टेकू सरकवायचा, त्या सिलिंडरचे वाल्व बंदच राहायचे, गाडी सहावर किंवा चारवर चालायची. डॅशबोर्डवर किती सिलिंडर चालू आहेत याचा आकडाही दिसायचा. यांत्रिक भाग ठीक होता. कॉम्प्युटर हळू होता. पाय दाबला की तो विचार करीपर्यंत गाडी हिसका द्यायची, मिसिंग मारल्यासारखी थरथरायची, कधी बंद पडायची. गॅरेजवाल्यांनी तोडगा शोधला, एक वायर काढून टाकायची, की इंजिन कायम आठवर. तशी चालवली तर हीच इंजिनं दणकट निघाली. आज हेच तंत्र अनेक कंपन्यांच्या व्ही-८ मध्ये आहे आणि चालकाला कळतसुद्धा नाही. कल्पना बरोबर होती, कॉम्प्युटर पंधरा-वीस वर्षं मागे होता.

तिसरी, १९८२ चं एचटी ४१०० इंजिन. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, हेडं बिडाची. आता ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. इंजिन रोज तापतं, रोज थंड होतं. प्रत्येक वेळी दोन धातू एकमेकांवर सरकतात आणि मध्ये बिचारी गॅस्केट रगडली जाते. ती गेली की कूलंट तेलात. तेलाचं ताक झालं की बेअरिंग संपलं. कूलंटमध्ये गळती बुजवणाऱ्या गोळ्या टाकायच्या, हा कंपनीचाच उपाय होता. ताकद १२५ हॉर्सपॉवर, ओढायला पावणेदोन टनांच्या वर गाडी.

चौथी, सिमरॉन. टोयोटाच्या ग्लांझात बलेनो आहे हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं, आणि किंमत सारखीच असल्याने कुणी रागावत नाही. सिमरॉन म्हणजे शेवरोले कॅव्हेलिअर. चामड्याच्या सीटा, जाळी, बिल्ला, आणि १२,१८१ डॉलर. इंजिन १.८ लिटर, चार सिलिंडर, ८८ हॉर्सपॉवर. शेवरोलेच्या दुकानात हेच अंग हजारो डॉलर कमी देऊन मिळत होतं.

लोक सिमरॉनला जास्त हसतात. आमच्या मते जास्त नुकसान एचटी ४१०० ने केलं. सिमरॉन घेणारा नवा होता, त्याची कॅडिलॅकवर निष्ठा नव्हती. एचटी ४१०० घरी नेली ती आयुष्यभर कॅडिलॅकच घेणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी आणि वकिलांनी. त्यांची मुलं मर्सिडीज आणि पुढे लेक्ससकडे गेली.

नॉर्थस्टार: चांगलं इंजिन, वाईट आटे

१९९३ च्या मॉडेलात नॉर्थस्टार आलं. ४.६ लिटर, ३२ वाल्व, २९५ हॉर्सपॉवर, सगळं ॲल्युमिनियम. एक लाख मैल ट्यूनिंग नको. कूलंट पूर्ण गळून गेलं तरी इंजिन आळीपाळीने अर्ध्या सिलिंडरचं पेट्रोल बंद करायचं. ते सिलिंडर नुसती हवा आत-बाहेर करून थंड व्हायचे, आणि गाडी हळूहळू का होईना गॅरेजपर्यंत पोहोचायची. कागदावर यात काही खोट नव्हती.

खोट बोल्टांच्या भोकात होती. हेड आवळणारे बोल्ट पोलादी, आटे ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये, आणि आटे बारीक. पोलाद आणि ॲल्युमिनियम कमीजास्त फुगतात, वर जुनं कूलंट झिरपलं तर आटे खाल्ले जातात. शेवटी आटे उपटून बोल्टाबरोबर वर येतात. बाहेरून काही दिसत नाही. हेडवरची पकड किंचित सैल होते, सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो.

अशी जुनी गाडी अमेरिकेत स्वस्तात मिळते, आणि स्वस्त असण्याचं कारण हेच. घ्यायच्या आधी एवढं पाहा. थंड इंजिनात कूलंटची पातळी बघा. गाडी अर्धा तास चालवा, त्यात एक मोठा चढ हवाच, कारण सपाटीवर ही गाडी तापत नाही, भार आला की तापते. परत आल्यावर टाकीत बुडबुडे येतायत का बघा, झाकण मात्र इंजिन निवल्याशिवाय उघडू नका. गळती कुठेच नाही आणि कूलंट कमी होतंय, ही सगळ्यात वाईट खूण. खात्री करायची तर निळ्या रसायनाची नळी टाकीच्या तोंडाशी धरायची. कूलंटमध्ये जळका वायू असेल तर निळं रसायन पिवळं होतं.

पिवळं झालं, तर नुसती गॅस्केट बदलून उपयोग नाही. नवा बोल्ट त्याच मेलेल्या आट्यांत जाणार, पूर्ण टॉर्क घेण्याआधीच फिरत राहणार. इंजिन खाली उतरवायचं, भोकं मोठी पाडायची, नवे आटे पाडून त्यात पोलादी बुश बसवायचे आणि बोल्ट त्या बुशमध्ये. तेही दोन्ही बाजूंच्या सगळ्या वीस भोकांना. दोन-चारच केली, तर उरलेली पुढच्या वर्षी जातात. मजुरी बहुधा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होते. कंपनीने पुढे बोल्ट लांब केले, नंतर आटे जाड केले, तेव्हा हा आजार हटला. तोवर मेकॅनिकांच्या तोंडी नाव बसलं होतं. (जाता जाता: जगाला स्टार्टर देणाऱ्या कंपनीने या इंजिनात स्टार्टर कुठे ठेवला? दोन हेडांच्या बेचक्यात, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली. तो बदलायचा तर आधी मॅनिफोल्ड काढा.)

परत उभं राहणं

१९९८ मध्ये विक्रीत लिंकनने कॅडिलॅकला गाठलं. कॅडिलॅकने वर्षअखेरीस थोडक्यात पुढे असल्याचं जाहीर केलं, आणि काही महिन्यांनी कंपनीलाच कबूल करावं लागलं की डिसेंबरचे आकडे फुगवलेले होते. त्याच सुमाराला घाईघाईने आलेली एस्कलेड ही मोठी एसयूव्ही म्हणजे जनरल मोटर्सच्याच जीएमसी ब्रँडच्या युकॉनवर लावलेला बिल्ला, सिमरॉनचाच प्रकार. पण ही चालली, कारण खालचा सांगाडा ट्रकचा, दणकट, आणि आत साधं जुन्या धाटणीचं व्ही-८. रॅप गायकांनी तिला उचलून धरलं. आजही कॅडिलॅकची ओळख तीच.

खरी मेहनत दिसली ती २००३ च्या सीटीएसमध्ये. नवा सांगाडा, मागच्या चाकांना ताकद, आणि घडण जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवर. २००८ मध्ये सीटीएस-व्हीने त्या ट्रॅकची फेरी ७ मिनिटं ५९.३२ सेकंदांत पूर्ण केली. आताची सीटी५-व्ही ब्लॅकविंग ६६८ हॉर्सपॉवरची असून तिला सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्सही मिळतो. जाणकार समीक्षक या गाड्यांचं मनापासून कौतुक करतात. गिऱ्हाईक मात्र एस्कलेडच घेतं. २०१७ पासून काही वर्षं कॅडिलॅकची सर्वात मोठी बाजारपेठ अमेरिका नसून चीन होती. भारतात जनरल मोटर्सने तळेगावला शेवरोलेच्या बीटसारख्या छोट्या गाड्या बनवल्या, २०१७ अखेर इथली विक्री बंद केली. तो कारखाना आता ह्युंदाईकडे आहे.

विजेवर चालणाऱ्या लिरिक गाडीपासून २०२६ च्या फॉर्म्युला वन संघापर्यंत बरंच काही चालू आहे. पण एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत सुमारे सहा लाख गाड्या परत बोलावल्या, त्यांत २०२१ ते २०२४ च्या एस्कलेडही होत्या. ६.२ लिटरच्या व्ही-८ मध्ये बेअरिंग खराब होऊन इंजिन चालता चालता जाम व्हायचं. कंपनीने दिलेल्या कारणांत दोन होती. क्रँकशाफ्टचं माप आणि पृष्ठभाग ठरलेल्या टोकांच्या बाहेर गेलेला, आणि तेलाच्या वाटांत राहिलेला कचरा. तपासणीत नापास झालेल्या गाडीला दुरुस्ती किंवा नवं इंजिन. पास झालेल्या गाडीला झिरो-डब्ल्यू-२० ऐवजी जाड झिरो-डब्ल्यू-४० तेल, नवा फिल्टर, आणि तेल भरायच्या तोंडाला नव्या ग्रेडचं नाव लिहिलेलं झाकण.